उड्डाणाला टाळ्या, पण राखणीला कोण?

चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं त्या दिवशी, २३ ऑगस्ट २०२३ ला, गल्लोगल्ली पेढे वाटले गेले. वाटायलाच हवे होते. पण २८ सप्टेंबर २०२५ ला अ‍ॅस्ट्रोसॅट या आपल्याच उपग्रहाने अवकाशात दहा वर्षं पूर्ण केली, तेव्हा तुमच्यापैकी किती जणांच्या स्टेटसवर तो दिसला? पाच वर्षं चालेल म्हणून सोडलेला उपग्रह दहा वर्षं चालला. आपल्या घरातला मिक्सर वॉरंटी संपल्यावर दुप्पट चालला तर आपण शेजाऱ्यांना सांगतो. इथे मात्र शांतता.

आजची पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. विषयही जरा लांबचा आहे, काही कोटी प्रकाशवर्षं लांबचा. पण मुद्दा इथलाच आहे. आपल्याला नारळ फोडायला आवडतं, फीत कापायला आवडतं. नंतरची रोजची राखण कुणी करायची, हे आपण ठरवतच नाही. पाणीपुरवठा योजनेचं तेच, एसटी स्टँडचं तेच आणि अवकाशातल्या दुर्बिणीचंही तेच. फरक इतकाच, की नळाला पाणी आलं नाही तर ओरड होते. आकाशातली एक नोंद चुकली तर कुणालाच कळत नाही, आणि ती पुन्हा कधीच मिळत नाही.

आधी विषय समजून घेऊ.

आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका विश्वात असंख्य आहेत. त्यातल्या बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी प्रचंड वजनाचं कृष्णविवर असतं, सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट. बऱ्याचदा ते गप्प असतं. पण काही दीर्घिकांमध्ये त्याला भरपूर वायू मिळतो. मोरीत पाणी सरळ न पडता गरगरत आत जातं, तसा तो वायू फिरत फिरत आत जातो, त्याची तबकडी बनते, आणि घर्षणाने ती इतकी तापते की आख्ख्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या तोडीचा प्रकाश एकट्या मधल्या ठिपक्यातून येऊ लागतो. यांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. कार्ल सायफर्ट यांनी १९४३ मध्ये अशा काही दीर्घिकांची वेगळी नोंद केली. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ हा 'तारा' खरं तर फार दूरची वस्तू असल्याचं दाखवलं. क्वासार हे याच कुटुंबातले सगळ्यात तेजस्वी भाऊबंद.

आता गंमत बघा. या तबकडीचा आतला भाग, म्हणजे कृष्णविवराच्या जवळचा, लाखभर अंशांच्या घरात तापलेला असतो. इतकी तापलेली वस्तू सगळ्यात जास्त चमकते ती अतिनील प्रकाशात. आणि हा अतिनील प्रकाश स्थिर नसतो. काही दिवसांत, काही आठवड्यांत, काही वर्षांत तो वाढतो, कमी होतो. साध्या दृश्य प्रकाशातही चढउतार होतात, पण अतिनीलमध्ये ते जास्त ठळक असतात, कारण तिथे दीर्घिकेतल्या बाकीच्या ताऱ्यांचा प्रकाश फारसा मिसळत नाही आणि जे दिसतं ते मध्याजवळचं असतं.

हे चढउतार मोजून मिळतं काय? तर माप.

वळवाचा पाऊस आला की आपल्या आज्या वीज चमकल्यावर आकडे मोजायच्या. गडगडाट किती वेळाने येतो त्यावरून वीज किती लांब पडली ते सांगायच्या. खगोलशास्त्रज्ञ हेच करतात. कृष्णविवराजवळची तबकडी एके दिवशी उजळली. तिच्या बाहेर फिरणाऱ्या वायूच्या ढगांवर तो प्रकाश पडायला काही दिवस लागतात, मग ते ढग उजळतात. मधले दिवस मोजले की ढग किती लांब आहेत ते कळतं. ढगांचा वेग त्यांच्या वर्णपटावरून कळतो. अंतर आणि वेग मिळाला की मधल्या कृष्णविवराचं वजन काढता येतं. दुर्बिणीतून जो भाग वेगळा दिसणं जवळपास अशक्य, त्याचं माप केवळ घड्याळाच्या जोरावर निघतं. यासाठी अट एकच. रोज बघत राहायचं. चमक झाली तेव्हा बघत होतो आणि गडगडाटाच्या वेळी झोपलो होतो, तर हिशेब संपला.

एक नमुना सांगतो. एनजीसी ५५४८ नावाची दीर्घिका आहे, सुमारे २४-२५ कोटी प्रकाशवर्षं लांब. आपला स्वाती तारा ज्या भूतप तारकासमूहात आहे, त्याच दिशेला. डिसेंबर १९८८ पासून आठ महिने, दर चार दिवसांनी, आययूई नावाच्या उपग्रहाने तिचा अतिनील प्रकाश मोजला. आययूईचा आरसा किती? अवघा ४५ सेंटीमीटर, म्हणजे जेवणाच्या मोठ्या परातीएवढा. त्या आठ महिन्यांत मधल्या ठिपक्याच्या अतिनील तेजात चौपटीच्या आसपास फरक पडला, आणि कार्बनच्या तापलेल्या वायूने त्याला साधारण दहा दिवसांनी 'ओ' दिली. दहा दिवसांत प्रकाश जितका जातो तितकं ते अंतर, म्हणजे सूर्यापासून नेपच्यून जितका लांब त्याच्या पन्नास-साठ पट. ऐकायला प्रचंड वाटतं. पण तेव्हाच्या अंदाजापेक्षा ते कितीतरी लहान निघालं. जुना हिशेब मोडावा लागला. परातीएवढ्या आरशाने तो मोडला, कारण तो आरसा आठ महिने हटला नाही.

हाच आययूई १९७८ ला सोडला तेव्हा तीन वर्षांसाठी होता. चालला १९९६ पर्यंत. अठरा वर्षांहून जास्त.

पुढे २०१४ ला हबल दुर्बिणीने तीच दीर्घिका पुन्हा धरली. १ फेब्रुवारी ते २७ जुलै, जवळजवळ रोज एकदा, १७१ वेळा. हबलचा वेळ मिळवायला जगभरचे शास्त्रज्ञ रांगेत उभे असतात, आणि तिथे एकाच दीर्घिकेला सहा महिने रोजची पाळी. सोबत स्विफ्ट उपग्रह आणि जमिनीवरच्या अनेक दुर्बिणी. निघालं काय? एक, तबकडी साध्या सिद्धांताने सांगितलेल्या आकारापेक्षा सुमारे तिप्पट मोठी वाटते. दोन, आणखी चक्रावणारं. त्या सहा महिन्यांतले साठ-सत्तर दिवस असे होते की मधला ठिपका उजळत-मंदावत राहिला आणि बाहेरच्या ढगांनी त्याला नेहमीसारखी ओ देणंच सोडलं. नंतर पुन्हा सुरळीत. शास्त्रज्ञांनी या काळाला चक्क 'सुट्टी' असं नाव दिलं. मध्ये काहीतरी आडवं आलं असावं, असा अंदाज. आता विचार करा, नेमके तेच दोन महिने दुर्बीण दुसऱ्या कामाला दिली असती, तर ही सुट्टी झाली हे जगाला कळलंच नसतं. सुट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे सगळं ठीकठाक दिसलं असतं.

२०२० च्या नोव्हेंबरपासून मार्केरियन ८१७ या दुसऱ्या दीर्घिकेवर असाच पहारा बसवला, सव्वा वर्षाच्या आसपास. ती निवडली होती कारण तिच्या मध्याकडे बघायला वाट मोकळी आहे असा समज होता. पहारा सुरू झाला आणि दिसलं की मध्येच वायूचा पडदा आडवा आलाय. २०१७ च्या शेवटी १ईएस १९२७+६५४ नावाच्या दीर्घिकेने तर कहर केला. मधला ठिपका अचानक अनेक पटींनी उजळला, काही महिन्यांत तिच्या वर्णपटाचा प्रकारच बदलला, कृष्णविवराजवळचा क्ष-किरण देणारा भाग जवळजवळ नाहीसा झाला आणि पुढे पुन्हा तयार झाला. पुस्तकात लाखो वर्षांची म्हणून शिकवलेली गोष्ट एका पीएचडीच्या मुदतीत घडली.

मार्केरियन १०१८ बद्दलही असंच. तिने तीस-पस्तीस वर्षांत एकदा रूप बदललं आणि परत मूळ रूपावर आली. हे कळलं कारण मधल्या सगळ्या वर्षांत कुणी ना कुणी बघून ठेवलं होतं. तीस वर्षं म्हणजे एका सरकारी नोकरीचा काळ. एक माणूस रुजू होतो, निवृत्त होतो, तेवढ्यात एक दीर्घिका दोनदा बदलते. तिची नोंद ठेवायची तर संस्था टिकावी लागते, यंत्र टिकावं लागतं, एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवलं जावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ.

अतिनील प्रकाश जमिनीवर पोहोचत नाही. ओझोनचा थर तो अडवतो. बरंच आहे, नाहीतर आपली कातडी जळाली असती. पण त्यामुळे या विषयाला दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. माउंट अबू, हान्ले, नैनिताल किंवा आपल्या जुन्नरकडचं गिरावली, कुठल्याही डोंगरावर चढून हे काम होत नाही. म्हणून अ‍ॅस्ट्रोसॅटचं महत्त्व. त्याच्यावर ३७.५ सेंटीमीटर आरशांच्या दोन दुर्बिणी आहेत, यूव्हीआयटी नावाच्या. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून त्या उभ्या केल्या. पौर्णिमेच्या चंद्राएवढा आकाशाचा तुकडा त्या एका वेळी बघतात, आणि आधीच्या अमेरिकी गॅलेक्स दुर्बिणीपेक्षा कितीतरी बारीक बघतात. त्याच उपग्रहावर क्ष-किरणांची उपकरणंही आहेत. म्हणजे एकाच दीर्घिकेचा अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी टिपता येतो. सक्रिय दीर्घिकांसाठी ही सोय सोन्यासारखी आहे, कारण तिथला जुना वादच हा आहे: आधी क्ष-किरण हलतात आणि त्यांच्यामुळे तबकडी उजळते, की तबकडीत आधी काही होतं? आयुकात गुलाब देवांगण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅस्ट्रोसॅटवर नेमकं याच प्रकारचं काम केलं आहे. २०२० मध्ये आयुकाच्याच कनक साहा यांच्या गटाने ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश याच दुर्बिणीने पकडला, तेव्हा जगभर बातमी झाली. आपल्याकडे आतल्या पानावर.

खर्च किती? अ‍ॅस्ट्रोसॅटसाठी सुमारे १७८ कोटी रुपये लागले. आपल्या शहरांतल्या उड्डाणपुलांचे आकडे आठवा आणि तुम्हीच तुलना करा.

पण यंत्र म्हातारं होतंय. यूव्हीआयटीच्या दोन अतिनील वाहिन्यांपैकी एक, निकट-अतिनील, २०१८ मध्येच बंद पडली. दुसरीवर काम पुढे चाललं. जगातही परिस्थिती फार बरी नाही. आययूई गेला. गॅलेक्स २०१३ ला बंद झाली. हबल १९९० ची, जून २०२४ पासून एकाच जायरोवर तिला चालवायचं ठरलं. स्विफ्ट २००४ चा, वातावरणाच्या घर्षणाने त्याची कक्षा खाली खाली येते आहे. अमेरिकेने काय केलं? २०२५ मध्ये एका खासगी कंपनीला ३ कोटी डॉलरचं काम दिलं, की यान पाठवून स्विफ्टला धरा आणि वर उचला. मोहीम जमते न जमते हा पुढचा भाग. पण एकवीस वर्षांच्या जुन्या उपग्रहाला वाचवण्यासाठी कुणीतरी पैसे मोजायला तयार झालं, याला मी राखण म्हणतो.

आपल्याकडे अ‍ॅस्ट्रोसॅटच्या पुढच्या अतिनील दुर्बिणीचा प्रस्ताव आहे. इन्सिस्ट असं नाव, सुमारे एक मीटरचा आरसा, बंगळूरच्या संस्थेचा पुढाकार. अनेक वर्षं तो प्रस्ताव आणि प्राथमिक तयारी याच पायऱ्यांवर फिरतोय. आता हिशेब करा. अ‍ॅस्ट्रोसॅटला मंजुरी मिळाली २००४ ला, उड्डाण झालं २०१५ ला. मध्ये अकरा वर्षं. आज सही झाली तरी दुर्बीण वर जायला दशक लागू शकतं. तोवर अ‍ॅस्ट्रोसॅट टिकेल असं कुणी छातीठोक सांगेल का? मध्ये जी पोकळी पडेल, त्या वर्षांत आकाशात जे घडेल, ते आपल्या वहीत कधीच नसेल.

कुणी म्हणेल, "मध्ये चार वर्षं गॅप पडली तर काय बिघडलं?" याचं उत्तर महाराष्ट्रानेच शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय.

मुंबईच्या कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा आहे आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या स्फोटाने जे महाभयंकर चुंबकीय वादळ आलं, ते कुलाब्याच्या वहीत उतरलं. जवळपास दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद किती होती हे ठरवलं, ते या कुलाब्याच्या आकड्यांवरून. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने नोंदी बिघडणार. मग काय केलं? १९०४ ला अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, बांधकामात लोखंड टाळून. आणि मुख्य गोष्ट ही, की कुलाबा लगेच बंद नाही केलं. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. जुन्या यंत्राचा आकडा आणि नव्याचा आकडा जुळवून घेतला. त्यामुळे आज कुलाबा-अलिबागची नोंद एकच सलग माळ आहे. अलिबागला समुद्रावर आपण सगळे गेलोय. किल्ल्याकडे बघत वडापाव खाताना ही वेधशाळा किती जणांना ठाऊक होती?

अतिनील दुर्बिणीचंही अगदी हेच आहे. नव्या दुर्बिणीने मोजलेलं तेज आणि जुन्या दुर्बिणीने मोजलेलं तेज आपोआप जुळत नाही. आरसे वेगळे, फिल्टर वेगळे, डिटेक्टर वेगळे. दोघांनी काही काळ एकाच दीर्घिकेकडे एकत्र बघितलं, तर फरक नीट कळतो. नाहीतर दहा टक्क्यांचा बदल दीर्घिकेत झाला की दुर्बिणीत, हे भांडण मिटवायला किचकट खटाटोप करावा लागतो. जुनी चालू असताना नवी वर जाणं हे म्हणूनच महत्त्वाचं. सरकारी पगारावरच्या लोकांना १९०४ ला हे कळत होतं.

आता विरोधाचे मुद्दे. ते खरे आहेत, त्यांना हसून उडवायचं कारण नाही.

पहिला मुद्दा नेहमीचा. मराठवाड्यात टँकर चालू आहेत, शाळांना शिक्षक नाहीत, आणि तुम्हाला कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची पडलीय? बरोबर प्रश्न आहे. माझं उत्तर: दीर्घिकेचे पैसे वाचवले म्हणून ते टँकरकडे जात नाहीत. दोन्हीचे खर्चाचे आकडे एकमेकांच्या आसपासही नाहीत. आणि या संशोधनातून उद्या गव्हाचं पीक वाढेल, असला खोटा वायदा मी करणार नाही. कृष्णविवराभोवती वायू कसा वागतो हे कळणं हाच फायदा. सोबत जे मिळतं ते म्हणजे अतिनील डिटेक्टर, आरशांवरचे लेप, कण न कण स्वच्छ ठेवायच्या प्रयोगशाळा आणि त्या चालवणारी माणसं. आयुकाच्या पुढाकाराने बनलेली सूट ही अतिनील दुर्बीण सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ बरोबर गेली आणि सूर्यावर नजर ठेवून बसली. हे हात अचानक तयार झाले नाहीत. त्यांना पुढे काम दिलं नाही तर ते हात दुसऱ्या देशात जातील, इतकं साधं आहे.

दुसरा मुद्दा जास्त तिखट. परदेशी दुर्बिणींची माहिती फुकट मिळते, इस्रायलची अल्ट्रासॅट येतेय, नासाची युव्हेक्स येतेय, मग आपण खर्च कशाला करायचा? माहिती वापरावीच, नक्की वापरावी. आपले विद्यार्थी वापरतातही. पण कुठल्या दीर्घिकेकडे, किती दिवस, कधी बघायचं हे ज्याची दुर्बीण तो ठरवतो. अचानक एखादी दीर्घिका उजळली आणि उद्या सकाळी दुर्बीण वळवायची असेल, तर अर्ज दुसऱ्याच्या दारात करावा लागतो. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी मिळतं, पण पाळी शेजारी ठरवतो. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

तिसरा मुद्दा संशोधकांच्याच वर्तुळातला. एकाच दीर्घिकेला महिनोन्महिने दिले तर बाकीच्यांनी काय करायचं? हा खरा पेच आहे. दुर्बिणीचा वेळ मर्यादित. शंभर जणांना थोडा थोडा वाटला तर शंभर निबंध निघतात, सगळे खूश. एकाला सहा महिने दिले तर नव्व्याण्णव नाराज. म्हणून समित्या तुकडे पाडतात. ग्रामपंचायतीचा निधी जसा प्रत्येक वॉर्डात थोडा थोडा टाकून कुठलंच गटार पूर्ण होत नाही, तसं. माझं म्हणणं एवढंच, की वेळेचा एक ठरावीक हिस्सा आधीच बाजूला काढा, फक्त लांब पहाऱ्यांसाठी. कुठल्या दीर्घिका घ्यायच्या यावर खुशाल भांडा, पण हिस्सा मोडू नका.

आणि राखण फक्त यंत्राची नसते, माणसांचीही असते. पाच वर्षांचा पहारा म्हणजे एका विद्यार्थ्याची आख्खी पीएचडी. त्या पोराची फेलोशिप सहा सहा महिने रखडली, तर तो घरभाडं कुठून देणार? संशोधक विद्यार्थ्यांची फेलोशिपसाठीची आंदोलनं आपण बातम्यांत दर वर्ष-दोन वर्षांनी बघतो आणि पुढे स्क्रोल करतो. उपग्रह वर फिरत राहतो, खाली आकडे वाचणारा पोरगा आयटीत निघून जातो. मग वर कितीही चांगली दुर्बीण ठेवा.

माझ्या मते व्हायला हव्यात अशा चार गोष्टी:

१) पुढच्या अतिनील दुर्बिणीबद्दल तारखेसह निर्णय. हो असेल तर कधीपर्यंत, नाही असेल तर का नाही. 'विचाराधीन' हा शब्द दहा वर्षं टिकला की तो नकारच असतो, फक्त कुणी सही केलेली नसते.

२) अ‍ॅस्ट्रोसॅट जितके दिवस चालेल तितके दिवस त्याला चालवायचा खर्च आणि माणसं यात काटकसर नको. काही निवडक सक्रिय दीर्घिका ठरवून त्यांच्याकडे नियमित बघणं सुरू राहावं, म्हणजे पुढची दुर्बीण येईल तेव्हा जुळवायला काहीतरी हातात असेल.

३) जमिनीवरच्या लहान दुर्बिणींना या पहाऱ्यात जोडा. अतिनील वरून, दृश्य प्रकाश खालून. २०१४ ची मोहीम जमिनीवरच्या दुर्बिणींशिवाय अर्धीच राहिली असती. महाविद्यालयांकडे लहान दुर्बिणी असतात, बऱ्याचदा विज्ञान दिनाला कापड काढून पुसायच्या. तेजस्वी सक्रिय दीर्घिकांचं तेज मोजण्याचं काम चांगल्या कॅमेऱ्याच्या लहान दुर्बिणीलाही जमतं. मात्र त्यासाठी अंधार लागतो. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या रिसॉर्टवाल्यांना आणि हायमास्ट दिवे लावणाऱ्या लोकप्रतिनिधींना हे कुणीतरी सांगायला हवं. दिवा खाली झाकला तरी रस्ता उजळतो.

४) अ‍ॅस्ट्रोसॅटची जुनी माहिती खुली आहे, कुणीही मागू शकतं. आयुकात त्यासाठी मदत कक्षही उभा केला गेला. ही माहिती आपल्या तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी का वापरली जात नाही? विद्यापीठांनी अभ्यासक्रमात एक प्रकल्प ठेवला तरी पुरे. कॉम्प्युटर आणि इंटरनेट एवढंच लागतं.

आयुका १९८८ ला उभी राहिली ती जयंत नारळीकर सरांमुळे. क्वासारांबद्दल त्यांचं मत मुख्य प्रवाहापेक्षा वेगळं होतं, हे खगोलशास्त्र वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्यांनी ते शेवटपर्यंत उघडपणे मांडलं. मे २०२५ मध्ये सर गेले, आपण सगळ्यांनी श्रद्धांजलीच्या पोस्ट टाकल्या. त्यांच्याशी सहमत असा वा नसा, असे वाद शेवटी निरीक्षणानेच मिटतात. आणि निरीक्षण म्हणजे एखाद्या रात्रीचा फोटो नव्हे. वर्षानुवर्षं, कंटाळा न करता केलेली नोंद.

आता तुम्ही काय करू शकता? आपल्या खासदारांना एक पत्र किंवा ईमेल पाठवा. शिव्या नकोत, भाषण नको. प्रश्न एवढाच: "अ‍ॅस्ट्रोसॅटनंतर भारताची पुढची अतिनील दुर्बीण कधी जाणार, आणि अ‍ॅस्ट्रोसॅट चालू असतानाच ती जाईल अशी व्यवस्था सरकारने केली आहे का?" लोकसभेत हा प्रश्न विचारला गेला तर मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागेल. उत्तर आलं की ते इथे टाकू, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न विचारू.